स्वार पाण्याशी काय बोलला

१८ फेब्रुवारी
टक्, टक्. आणि मग शांतता.
एव्थालियाबाई आम्हाला शिवण शिकवत आणि कविताही. सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची पितळी टोपी त्या कधी काढतच नसत. प्रश्न विचारायचा, टोपी टेबलावर दोनदा वाजवायची आणि गप्प. बाहेर बर्फ पडे, शेगडीतल्या लाकडाची राख होई, बाई गप्पच. उत्तर आलं की मगच पापणी हले.
आज शाळेच्या रिकाम्या वर्गात पाऊल ठेवलं आणि तोच आवाज आला. पागोळ्या असतील. पण पागोळ्या पितळेसारख्या वाजत नाहीत.
शाळेची एकुलती एक शिक्षिका, फोतिनीबाई, हिने मला बोलावलं होतं. मार्चच्या राष्ट्रीय समारंभासाठी मुलांकडून कविता बसवून घ्यायची आहे. जमलं तर आठवड्यातल्या दोन सकाळी कवितेचा तास कायमचा माझा. वर्गाची चावी आत्तापासूनच माझ्याकडे. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून घरात घड्याळाशी बोलतो. आता ते बंद.

१९ फेब्रुवारी
फोतिनीबाई यानिना शहरात ट्रेनिंग करून आली आहे. विषय, माणूस शिकतो कसा. तिने मला सांगितलं: पुस्तक मिटा. मुलांना आठवू द्या. आठवेपर्यंत गप्प बसा.
मी हसलो. मी जन्मभर दुसरं काय केलं?
कविता तीच निवडली, एव्थालियाबाईंनी शिकवलेली.
बर्फ पडे, वाट बुडे, घोडा थबके पुलाशी,
स्वार वाकुनी बोलतो काळ्याशार पाण्याशी...
पुढे स्वार जे बोलतो त्याला तोड नाही.

२२ फेब्रुवारी
उत्तम प्रगती. पुस्तक मिटवलं. मी म्हणालो, 'बर्फ पडे, वाट बुडे, घोडा थबके...' सगळा वर्ग ओरडला, 'पुलाशी!' मी 'काळ्याशार...' म्हणताच, 'पाण्याशी!' चार दिवसांत पाठ. पुढच्या ओळी पुस्तकातून वाचून दाखवल्या. फार सुंदर वाचतो मी अजून.
फोतिनीबाई मागे उभी होती. म्हणाली, "मास्तर, कविता तुम्ही म्हणता. मुलं फक्त शेपूट धरतात."
तरुण आहे.

२५ फेब्रुवारी
संकल्प: उद्यापासून संपूर्ण मौन.

२६ फेब्रुवारी
तोंडात मोठी लिमलेटची गोळी ठेवून वर्गात गेलो. लाम्ब्रिनी नावाची पोरगी आहे, फळवाल्याची. पहिली ओळ म्हणाली, दुसरी म्हणाली, मग थांबली. नजर छताकडे. वर्गात अशी शांतता पसरली की माझ्या मानेवर काटा आला. आणि त्या शांततेत, टक्, टक्.
गोळी गिळली गेली. ठसका लागला. ठसका ओसरेपर्यंत तास संपला. मौन पाळलं, हे महत्त्वाचं.
लाम्ब्रिनी जाता जाता म्हणाली, "मास्तर, जरा थांबला असतात तर आलंच होतं."
पोरीला धीर नाही.

२७ फेब्रुवारी
घरातही येऊ लागला आवाज. दुपारी खिडकीपाशी, धुक्यात. वारा नव्हता.
मला उलगडलं. बाईंच्या आत्म्याला शांती नाही. गाव सोडून त्या यानिनाला भाचीकडे गेल्या त्याला किती वर्षं झाली, आणि आम्ही कोणी त्यांच्यासाठी एक मेणबत्तीसुद्धा लावली नाही. कधी वारल्या तेही कळलं नाही.

२ मार्च, आत्म्यांचा शनिवार
मृतांच्या नावाचे गोड उकडलेले गहू चर्चमध्ये नेले. वरून साखर, डाळिंबाचे दाणे. बाईंचं नाव सांगितलं तेव्हा आमचे पाद्री, पापा-झिसिस, दाढीत पुटपुटले, नक्की का? म्हटलं, जिवंत असत्या तर नव्वदी कधीच ओलांडली असती. हा हिशेब त्यांना पटला. नाव मोठ्याने वाचलं गेलं. मी रडलो. फार छान वाटलं.

५ मार्च
कॉफीवाल्या अपोस्तोलिसने सांत्वनासाठी बाईंच्या भाचीकडे फोन लावला. म्हणाला, एव्थालियाबाईंचं ऐकून वाईट वाटलं, थेमीमास्तरांनी त्यांच्या नावाचे गहूही चर्चमध्ये नेले. पलीकडून कोणी काही बोललंच नाही. बराच वेळ नुसता श्वास. मग फोन ठेवल्याचा आवाज.
बिचारी भाची. दुःखाने वाचा गेली.

१३ मार्च
ट्रेनिंगमधली एक गोष्ट मात्र मान्य. शिकवलं की मध्ये दिवस जाऊ द्यायचे, थोडं विसरू द्यायचं, मग विचारायचं. म्हणून गेला आठवडाभर शाळेत गेलोच नाही. आज विचारलं. विसरण्याचा भाग शंभर टक्के यशस्वी.
फोतिनीबाई म्हणते, मध्ये विचारायचं असतं, मास्तर, नुसतं झोपायचं नसतं. शिवाय, पुस्तक बघून येतंय असं वाटणं म्हणजे येणं नव्हे. हे मुलांबद्दल असावं.

१७ मार्च
गंमत म्हणून कोरा कागद घेऊन ती कविता स्वतः लिहायला बसलो. दोन ओळी झरझर आल्या. मग पेन थांबलं.
येते मला. कागद थंड होता.
गव्हाच्या ताटानंतर आवाज थांबायला हवा होता. उलट जवळ आलाय.

२२ मार्च, समारंभ
सगळं गाव आलं होतं. माझी जागा शेवटच्या रांगेत होती. मुलं माझ्या ओठांकडे बघतात म्हणे. मी पडद्यामागे उभा राहिलो, केवळ आधार म्हणून.
लाम्ब्रिनी दोन ओळी म्हणून थांबली. नजर छताकडे. शांतता. मला ती शांतता पासष्ट वर्षांपासून ओळखीची आहे. तिच्यात बाईंची नजर असते. ती सहन होईना. तिसरी ओळ सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, 'बर्फ पडे, वाट बुडे, घोडा थबके...'
'पुलाशी!' सगळी मुलं. शिकवलेलं वाया जात नाही.
पुन्हा 'पाण्याशी' आलं. पुन्हा शांतता. पुन्हा मी. घोडा पाच वेळा पुलापाशी आला आणि एकदाही पलीकडे गेला नाही. शेवटी पापा-झिसिसनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.
पुनरावृत्तीचा परिणाम जबरदस्त होतो. लाम्ब्रिनी रडत होती. कविता भिडली.

२९ मार्च
फोतिनीबाई घरी आली. पालेभाजी भरून भट्टीत भाजलेली पोळी घेऊन. मी दमलो असेन, ईस्टरनंतर बघू, म्हणाली. वर्गाची चावी तिने मागितली नाही. मीच दिली. ती हात पुढे करून उभी होती म्हणून.
घड्याळाला सांगितलं.

३० मार्च, संध्याकाळ
अखेरचा संकल्प. पुस्तक मिटलं. कोरा कागद घेतला. जोवर स्वार बोलत नाही तोवर उठायचं नाही.
बर्फ पडे. वाट बुडे. घोडा. स्वार वाकला.
टक्, टक्.
या वेळी दारावर. दार उघडलं. फाटकापाशी यानिनाची टॅक्सी. उंबऱ्यावर काळा कोट, काठी, आणि कोटाबाहेर एक वाकडं बोट, त्यावर पितळी टोपी.
मी छातीवर क्रुसाची खूण केली. बाई म्हणाल्या, "गहू गोड होते का रे, थेमी?"
मी म्हणालो, होते. दुसरं काय म्हणणार? त्यांनी माझ्या खांद्यावरून आत टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. दोन ओळी तेवढ्या अंतरावरूनही वाचल्या असाव्यात.
"बरं. मग स्वार पाण्याशी काय बोलला?"
चौकटीवर टोपी दोनदा वाजली.
म्हटलं, बाई, कॉफी घेता? पापणी हलली नाही. कागदापाशी येऊन बसलो, आठवल्यासारखं करत हे लिहितोय. त्या अजून दारातच उभ्या आहेत. गप्प.
टॅक्सीवाल्याने आत्ताच इंजिन बंद केलं.