शिट्टीला बांधलेली तार

बा, तू गेलास तवा मी लई लहान व्हते, आता माहंच पोरगं भिताडाला धरून चालून राहिलं. त्याच्या काळजीपायी काय झालं, ते तुला लिहायला बसले. घराम्होरं हळद शिजवायचा वाफेचा मोठा कुकर उभा हाय, आन् तुझ्या जावयानं त्याच्या शिट्टीला तार बांधली व्हती. वाफ बाहीर जात न्हाई, हळद लवकर शिजती म्हनतेत. गावात समदेच बांधतेत. पोरगं तर ऊब लागली की तिकडंच जातं. मी म्हनलं, "तार सोडा की." तर म्हनले, "तुला काय कळतं त्यातलं?"

मला येवढंच कळतं, जेवढं तू शिकवलंस. तू लोकांची हळद शिजवायचास, आन् मी एकदा ओला फराक वाळावा म्हनून त्या शिट्टीच्या दांडीवर टाकला. तू धावत आलास, फराक वढून फेकलास, आन् असा वरडलास की मी रडायचंबी विसरले. मंग कळमनुरीच्या बाजारातून मला लाल शिट्टी आनलीस. म्हनलास, "बाई, ही वाजती तवर तू कुटं हायस ते मला कळतं. कुकरचंबी तसंच. त्याचं तोंड दाबायचं न्हाई."

परवा ग्रामसभेला जिल्ह्याहून एक पोरगी आलती, मेकॅनिकल इंजनेर. संगं मोबाइलवर बातम्या दाखवनारा एक जन. एका आज्यानं इचारलं, "इंजनेर म्हंजे रस्त्याची का पुलाची?" ती म्हनली, "यंत्राची." "म्हंजे ट्रॅक्टर नीट करती व्हय गं माय?" समदे हसले, तीबी हसली. म्हनली, "आजोबा, कुकर फुटला की बातमीवाले येतेत, तवा आमची आठवन व्हती. फुटायच्या आधी बोलवा की! इंजनेरनं बघितल्याबिगर कुकर पेटवायचा न्हाई, असा ठराव करा. हे बातमीत दाखवतेत, मंग बाकीची गावंबी करतील." तवा मी पोरगं काखंत घेऊन उभी राहिले. फराकाची गोष्ट सांगितली, आन् म्हनलं, "मला कशाचं भ्या न्हाई. माहा बा इंजनेर व्हता." मागून कोनतरी म्हनलं, "कोन्त्या कालेजचा गं?" मी म्हनलं, "वारंगा फाट्याच्या." तू तिथल्या वेल्डिंगच्या दुकानात शिकलास हे समद्यांला ठावं. असा हशा झाला, बा! पन हात वर झाले. तुझ्या जावयाचा समद्यांत शेवटी.

घरी येताच त्यांनी पक्कड मागितली आन् तार तोडली. आज त्या पोरीनं येऊन शिट्टी बदलली, समदं बघितलं, मंग कुकर पेटला. "या इंजनेरबाई, तुमीबी बघा," म्हनून हे मला चिडवून राहिले व्हते. तेवढ्यात शिट्टी वाजली. पोरगं टाळ्या पिटायला लागलं, आन् मी त्याला उचलून थेट लिंबाच्या झाडामागं पळाले.

हे पत्र कुटं टाकू? तुझी लाल शिट्टी ज्या डब्यात हाय, त्यातच ठेवते. बातमीत माहं बोलनं आलं, मला भ्या न्हाई म्हनलेलं. तुला म्हनून सांगते, बा, वाजली की मी अजून पळतेच.