अर्पणाच्या टेबलावरची बरणी

१ जून, रविवार

नोंद व्हावी — आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मानवी संस्कृतीच्या ऱ्हासाला सुरुवात झाली. माझी खुर्ची गेली!

प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत हात असलेली एकच खुर्ची आहे. न्याय समितीची चिटणीस म्हणून अकरा वर्षं मी तिच्यात बसते. ती माझी आहे असं कुठे लिहिलेलं नाही. पण सूर्य पूर्वेला उगवतो याचा तरी ठराव कुणी केलाय? आणि आज तिच्यात कोण? आमची धाकटी जाऊ! रुग्णालयाच्या धुलाईघरातली पहाटपाळी संपवून थेट आलेली, अंगाला ब्लीचिंगचा वास, पाय ताणून बसलेली. समितीत पहिल्यांदाच आलेली.

उठ म्हणावं, तर आजचा विषय ‘शेवटच्या माणसाला पहिली जागा’. मुकाट्याने स्टुलावर बसले आणि निवेदन वाचलं. ‘देवाचं राज्य आणि आजचा न्याय’, मसुदा सातवा. देवाचं राज्य म्हणजे मेल्यावर मिळणारा बंगला नव्हे. ते इथे, याच रस्त्यावर यायचं आहे. जिथे खालच्याला वर घेतलं जातं तिथे ते आलंच म्हणून समजा... वाक्यं चांगली आहेत. माझीच आहेत.

वाचून झालं, तर धाकटी विचारते, “ताई, हे कुणाला द्यायचं?”

“द्यायचं काय त्यात? संमत करायचं.”

“आणि मग?”

“मग फायलीत.”

“बरं,” म्हणाली. नुसतं बरं! प्रार्थनाघराचे पाळक तोंडावर हात धरून खोकले. तो खोकला नव्हता. मला हसू आणि खोकला वेगळा कळतो, पंचवीस वर्षं शाळेत भाषा शिकवतेय.

३ जून, मंगळवार

ती खालच्या मजल्यावर, आम्ही वर. भाऊजींची पाठ गेल्यापासून ट्रक बंद, घर धाकटीच्या पगारावर. आमचे हे रोज संध्याकाळी खाली जाऊन भावाला चार पावलं चालवून आणतात आणि वर येताना धाकटीचं कौतुक घेऊन येतात. वाफाळतं.

आज जेवताना म्हणाले, “वॉर्डातल्या चादरींत वापरलेल्या सुया तशाच खाली येतात म्हणे. नऊजणी नुसत्या हातांनी चादरी वेगळ्या करतात. एकीला दोनदा टोचली. अर्ज करून हातमोजे मागितले तर साहेब म्हणतो, सुया आहेत कशावरून? तुला ठाऊक होतं?”

“जगात पुष्कळ काही आहे,” मी म्हटलं. “भात वाढू?”

८ जून, रविवार

आमच्या मंडळीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ‘कामाचं अर्पण’ असतं. ज्याने त्याने आपल्या आठवड्याच्या कामातलं काहीतरी पुढच्या टेबलावर आणून ठेवायचं. सुतार रंधून गुळगुळीत केलेली फळी ठेवतो, शिंपीणबाई झबलं ठेवते. मी मंडळीच्या पत्रकातला माझा विनोदी लेख ठेवते, त्यावर पाळक न वाचता हात ठेवतात.

आज धाकटी रांगेत सर्वांत शेवटी. पदराआडून काचेची बरणी काढली. झाकण घट्ट, त्यावर चिकटपट्टीचे वेढे. टेबलावर ठेवली तेव्हा खळ्ळ वाजलं.

“सुया आहेत,” म्हणाली. “तीन आठवड्यांच्या. एक्केचाळीस. माझ्या कामात हेच निघतं.”

बाकांवर टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता — आणि टाचण्यांचा तर तिथे ढीग!

पाळक टेबलाशी आले. मग इतर अर्पणांवर ठेवतात तसाच तिच्यावर हात ठेवला. “आपण दर रविवारी ज्या राज्याची वाट पाहतो,” म्हणाले, “त्याची वाट इथून जाते.” त्यांचा आवाज कापला. अकरा वर्षं! अकरा वर्षांत बत्तीस ठराव केले. एकाही ठरावावर त्यांचा आवाज कापला नाही. माझे ठराव वाजत नाहीत, हाच त्यांचा दोष.

नंतर सगळे तिच्याभोवती. सुताराने बरणी सुरक्षित ठेवायला पेटी करून देतो म्हटलं. शिंपीणबाई रडली. माझ्याकडे एकाने येऊन विचारलं, “तुमच्या जाऊबाई ना? केवढी धीट हो!”

“हो ना,” म्हटलं. जीभ चावून रक्त निघालं असेल.

१० जून, मंगळवार

लेख झाला! एका बैठकीत. ‘बरणीतलं राज्य’. फार दिवसांनी पेन असं सुसाट सुटलं. न्याय आता ठरावात मावत नाही, बरणीत मावतो. पुढच्या महिन्यात गवंड्याने पडकी भिंत आणावी, गटार साफ करणाऱ्याने काय आणावं हे सभ्य वाचकांनी ठरवावं. मधे एक प्रसंग घातलाय — बरणी मांडीवर घेऊन आमची वीरांगना गर्दीच्या बसमधून येते, शेजारचं पोर ‘मावशी, गोळ्या?’ म्हणत झाकण उघडून आत हात घालतं, आई किंचाळते. झकास जमलाय.

ह्यांना वाचून दाखवला. हसले. मग थांबले.

“हे कधी झालं?”

“लेखात झालं.”

“तिला दाखवलंस?”

“मेनका काय इंद्राला नाच दाखवायच्या आधी विश्वामित्राला विचारते?” उपमा चुकली. मत्सराने माझं पुराणही कच्चं होतं.

१५ जून, रविवार

पत्रक वाटलं. लोक खांदे हलवत हसले. प्रार्थनागीतं बसवणाऱ्या कोयर मास्तरांनी चक्क टाळी दिली. आज हातांची खुर्ची रिकामी होती, बसले. पाठीला मऊ लागली.

संध्याकाळी धाकटी वर आली. पत्रक हातात.

“छान लिहिलंय, ताई. धुलाईघरात मोठ्याने वाचलं. सगळ्याजणी हसल्या.”

“हो का!”

“पण मी चालत आले होते.”

“अगं, लेख आहे तो. त्यात लोक हसायला येतात, वाट विचारायला नाही.”

“बरं,” म्हणाली आणि खाली गेली. तिच्या त्या ‘बरं’ला एकदा व्याकरणात वेगळी जात द्यावी लागेल.

१९ जून, गुरुवार

धाकटीला कामावरून बंद केलं.

ह्यांनी खालून कागद आणून दाखवला. रुग्णालयाचा संसर्गजन्य कचरा परवानगीशिवाय बाहेर नेला. सार्वजनिक वाहनातून नेला. लहान मुलाच्या जिवाला धोका निर्माण केला. चौकशी २५ तारखेला, तोवर बिनपगारी. आरोप सिद्ध झाला तर बडतर्फ. पुरावा — सोबत जोडलेला लेख. माझा! बसच्या वाक्याखाली लाल रेघ. समासात ‘स्वतःच्याच कुटुंबातील लेखिकेची साक्ष’.

अकरा वर्षं लिहितेय. माझ्या वाक्याची कुणी अंमलबजावणी केली ती ही पहिलीच.

बाकीच्या आठजणींना सांगण्यात आलंय की मोज्यांच्या अर्जावरची सही मागे घ्या, नाहीतर तुमचीही चौकशी. तिघींनी घेतली.

आता कुणाला दाखवायचं नाही म्हणून खरं लिहिते. कागद वाचताना पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, छातीत गार वाटलं. उन्हातून घरात आल्यावर वाटतं तसं. मग लाज. पण आधी गार.

२० जून, शुक्रवार

हे म्हणाले, “तू जाऊन सांग.”

“काय सांगू? मी खोटं लिहिलं म्हणून?”

“हो.”

“विनोद होता तो!”

“मग विनोद होता म्हणून सांग. एवढी कसली अवघड गोष्ट आहे?” असं म्हणून चप्पल घालून खाली गेले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या माणसाला अवघड गोष्ट म्हणजे काय ते अजून ठाऊक नाही. मी हे सांगितलं की दोन गोष्टी होणार. मी खोटी ठरणार. आणि ती आणखी मोठी होणार!

संध्याकाळी पाळक आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर. मी आधीच तोफ डागली. “बायबलातली मळ्याची गोष्ट मुलांना मीच शिकवते. सकाळपासून राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. दरवर्षी मुलांना सांगते, कुरकुरणारे मजूर कोत्या मनाचे. पण त्यांच्या डोक्यावर दिवसभर ऊन होतं, त्याचं काय? तुम्ही कधी त्यांच्या बाजूने प्रवचन केलंय?”

“नाही,” म्हणाले. “पण तुम्ही दिवसभर मळ्यात होतात का?”

“म्हणजे?”

“की मळ्याबाहेर उभं राहून मळ्यावर लिहीत होतात?”

गोड बोलून साल काढायची या माणसाची पद्धत! मी म्हटलं, “मग अकरा वर्षं वाया?”

“ते मला ठाऊक नाही. मजुरी मी देत नाही.” जाताना उंबऱ्यात थांबले. “एक सांगू? न्याय मागायला गेलेल्या बाईला आत्ता ठराव नकोय. तिला एक साक्षीदार हवाय. आणि तो सगळ्या गावात एकच आहे.”

२२ जून, रविवार

सगळ्यांनी ‘तुझं राज्य येवो’ म्हटलं तेव्हा मी नुसते ओठ हलवले. आलंच, तर आधी आमच्या जिन्यात येईल अशी भीती वाटली.

२४ जून, मंगळवार

जिन्यात धाकटी भेटली. भाऊजींची पाठ शेकायला गरम पाणी घेऊन चालली होती. वाटलं, भांडेल. भांडली असती तर मला किती बरं पडलं असतं!

“ताई, जरा सरकता? पाणी सांडेल.”

एवढंच.

२५ जून, बुधवार

गेले.

अधीक्षकांची खोली, चार खुर्च्या, सगळ्या हातांच्या! त्यांनी उठून स्वागत केलं. “बाई, तुमची शैली फार खुसखुशीत. आमच्या मिसेस तर तुमच्या पंखाच.” धाकटी भिंतीशी उभी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. मीही उभी राहिले. साहेबांची जरा पंचाईत झाली.

“तर, लेखातली ती बस...”

“बस नव्हती. पोर नव्हतं. आई किंचाळली नाही, कारण आईही नव्हती. ती चालत आली. बरणीचं झाकण बंद होतं आणि त्यावर चिकटपट्टी होती, ती मी डोळ्यांनी पाहिली. सुयाही पाहिल्या. सुया खऱ्या. बाकी सगळं मी रचलं.”

“विनोद म्हणून?”

इथे हो म्हणता आलं असतं. कारकुनाने ‘विनोद’ लिहायला घेतलंही होतं.

“मत्सरापोटी,” म्हटलं.

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. “असंच लिहू?”

“तसंच लिहा. आणि सही कुठे करायची ते सांगा.”

साहेबांचा चेहरा आंबट झाला. पाऊण तास बाहेर बसवलं. मग निकाल. बंदी उठली, उद्यापासून कामावर. सुया बाहेर नेल्याबद्दल लेखी ताकीद. सुया आहेत हे आता चौकशीच्या कागदावर चढलं, तेही साक्षीदारासह, त्यामुळे ‘नाहीत’ म्हणायची सोय गेली — मोजे एक तारखेपर्यंत देणार. बिनपगारी सहा दिवस मात्र बिनपगारीच.

व्हरांड्यात मी थांबले. आता ती रडेल, हात धरेल, असं काहीतरी. मनात उत्तरही तयार ठेवलं होतं, नम्र.

“ताई, मत्सर एवढ्या मोठ्याने म्हणायची काय गरज होती? कारकून बहिरा नव्हता.” आणि पदर तोंडाला लावून हसली. मग हसू संपलं. “लेख वाचून मला राग नाही आला. पण सहा दिवस माझ्या वाटच्या चादरी आठजणींनी केल्या. आपल्या करून शिवाय माझ्या. त्यात एकीला पुन्हा टोचली. ते तुमच्या कागदात आलं नाही.”

आलं नाही खरं.

घरी येऊन पत्रकासाठी खुलासा लिहिला. चार ओळी. एकही उपमा नाही. हातच चालेना, सवय नाही ना!

२६ जून, गुरुवार

फायलीत सापडलं. मंडळीच्या बायकांना धुलाईघरात स्वच्छ चादरींच्या घड्या घालायला मदतीला येण्याची परवानगी आहे! समितीनेच मागितली होती, ठराव नऊ. आठ वर्षांपूर्वी मंजूर झाली. एकही बाई गेलेली नाही.

२८ जून, शनिवार

सात ते तीन घड्या घातल्या. धाकटीची आज सुटी. तिला सांगितलं नाही, आणि तिथेही मी कोण ते कुणाला सांगितलं नाही. बायका मला ‘नवी’ म्हणत होत्या. पलीकडचं टोक धरणाऱ्या म्हातारीला बोलायची हौस. म्हणाली, “बरणी काय उगाच नेली होय तिने? आधी रीतसर कागद लिहिला होता, चार पानं, आम्हा नऊजणींचं ऐकून. त्यांच्या घरात कुणी शिकलेली बाई आहे, समितीवर. तिला नेऊन दिला. त्या बाईने वर लाल शाईने ‘थोडक्यात लिहा’ असा शेरा मारून परत केला. तेव्हा ही म्हणाली, याहून थोडक्यात आता कसं लिहू? आणि बरणी धुवायला घेतली.” मे महिन्यातली गोष्ट. शेरा माझाच.

“कोण गं असेल ती?” म्हातारीने विचारलं. मी चादरीचं टोक तिच्या टोकाला जुळवलं.

सहापैकी एक दिवस फिटला. पुढचा शनिवार धरून पाच उरले.