एकतीस गाऊस

४ मार्च

चि. ठकूस मामाचे अ. आ.

तुझा प्रबंध तीनदा वाचला. अकराव्या पानावर आकृतीखालचं चुंबकीय क्षेत्राचं एकक चुकलंय, तिथे गाऊस हवं. डॉक्टर होऊ घातलेल्या भाचीला हे अर्धवट शिकलेल्या मामाने सांगावं, म्हणजे कमाल आहे. प्रयोगशाळेतल्या वायरमनला तुझं काम समजावलं. एकेक रेणू म्हणजे इवलासा लोहचुंबक. सगळ्यांची तोंडं एका बाजूला करून गोठवायची, मग बाहेरचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत न्यायचं, की ठरावीक आकड्यावर त्यांची तोंडं आपोआप उलटतात. यात तुम्ही काय करता, असं त्याने विचारलं. तो आकडा खरा ठेवतो, असं मी सांगितलं.

तुझ्या आईला जाऊन सात महिने झाले. जेवण टाळू नकोस. माया आहे तशीच ठेव.

मामा

१९ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

एकक दुरुस्त केलं. वायरमनकाकांना माझी कीव येत असेल.

रेणू क्षेत्र शून्यावर आल्यावर न उलटता त्याच्या एकतीस गाऊस पुढे उलटतात, हेच परीक्षकांना आवडलंय. प्रबंध आणि पुढची नोकरी, दोन्ही त्यावरच उभं आहे. त्यांनी शंका एकच काढली: आधीच्या प्रयोगाचं क्षेत्र चुंबकात उरलं नव्हतं ना? मी म्हटलं, क्षेत्र उलटसुलट फिरवून, दर फेरीला कमी करत शून्यावर आणल्याशिवाय चुंबक सांभाळणारा माझा मामा कुणाला नमुना आत सोडू देत नाही. तरी मोजमाप केलं त्या दिवसाच्या वहीच्या पानाची नक्कल पाठवा.

तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. नमुना गोठवणारं हेलियम संपत आलेलं, म्हणून क्षेत्र एकाच दिशेने फिरवून मोजलं. साडेचारला आटोपलं आणि तुम्ही आई गेल्याचं सांगितलंत. निदान मोजमाप तरी हाती लागलं, अशी मनाची समजूत घालते.

तुमची लाडकी,
ठकू

२७ मार्च

चि. ठकूस अ. आ.

नक्कल सोबत आहे. उलटसुलट फेऱ्यांचा रकाना कोरा आहे. बावीस वर्षांत कोरा राहिलेला तो एकच.

काल चुंबक त्या दिवशीसारखंच पाच टेस्लापर्यंत, म्हणजे पन्नास हजार गाऊसपर्यंत नेलं आणि सरळ शून्यावर आणलं. बाहेरच्या पडद्यावर शून्य. आत सोडलेला क्षेत्रमापक मात्र एकतीस गाऊस दाखवतो. तुझे रेणू शून्यावरच उलटले होते.

रकाना का राहिला, हे लिहिलं नाही तर नक्कल अपुरी राहील. हॉस्पिटलातून फोन एक वाजून दहा मिनिटांनी आला. आई तेव्हा शुद्धीवर होती. हेलियम जेमतेम चार तासांचं, पुढचं दोन महिन्यांनी मिळणार. तुला सांगितलं असतं तर तू उठून गेली असतीस. मी फोन ठेवला आणि चुंबक सुरू केलं. घड्याळाकडे बघत होतो, फेऱ्या राहून गेल्या. ती चारला गेली.

परीक्षकांना माझी चूक मी सहीनिशी कळवतो. लोभ ठेव, असं आज लिहवत नाही.

मामा

११ एप्रिल

ती. मामांस,

दुसरीकडच्या चुंबकावर पुन्हा मोजलं. शून्यावरच उलटतात. प्रबंध मागे घेतला, नोकरीचं पत्रही रद्द झालं. परीक्षकांना तुम्ही लिहू नका, मी लिहिलंय.

फोन कुणी केला होता? नर्सने की आईने? एवढंच कळवा.

ठकू

१६ एप्रिल

चि. ठकूस,

आईने. पावणेदोन मिनिटं बोलली. तुला लगेच घेऊन यायला सांगितलं. काम संपवून या, असं ती म्हणाली नव्हती.

मामा