मिरीच्या तोंडातलं गवत

३ डिसेंबर
पुन्हा पेंढा! सासूबाईंनी टोकावड्याहून एसटीनं पाठवलेली गोणी उघडली, तर आत भाताचा पेंढा. ससे म्हणजे काय बैल आहेत? मिरीनं हुंगून तोंड फिरवलं. साय तर जवळही आली नाही. फोन केला — "आई, गवत हवंय. माळावरचं, सुकं." म्हणाल्या, "परवा येतेच घेऊन."

येतील. भात, म्हशी, शेजारीण — सगळं बोलतील. बाळाबद्दल एक अक्षर नाही. सातव्या महिन्यात पोटातच गेलं माझं बाळ. मी दवाखान्यात असतानाच त्यांनी स्वतः शिवलेली दुपटी कुणाला तरी देऊन टाकली. त्यांच्या लेकानं, दीपेशनं, हे दोन ससे आणले, "मन रमेल." झालं, विषय बंद. मला बोलायचंय! पण कुणाशी?

५ डिसेंबर
सासूबाई आल्या, भारा घेऊन. फ्लॅटभर गवताचा वास. साय तुटून पडली. मिरी खात नाही.

६ डिसेंबर
मिरी गवत तोंडात धरते, चावत नाही. कपाटामागे नेऊन ठेवते. वर छातीचे केस उपटतेय! सगळं झाडून काढलं. जीव नुसता टांगणीला लागलाय.

७ डिसेंबर
पुन्हा तेच. पुन्हा झाडलं. सासूबाई बघत होत्या. "घर करते गो ती. पोरं व्हायची हायेत." मी हसले — किती दिवसांनी!

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. दोघी माद्या, पिल्लं कुठून येणार, म्हणाले. खोटा गाभ आहे. उतरला की खाईल.

मोरीत नळ सोडून रडले.

८ डिसेंबर
केरसुणी घेऊन कपाटामागे वाकले. सासूबाईंनी हात धरला.
"नको काढू."
"आत काही नाहीये, आई."
"माहीत हाय मला. तिला कुठं माहीत हाय? ऱ्हाऊ दे. तिचं तीच सोडंल."
केरसुणी काढून घेतली आणि तिथंच फरशीवर बसल्या. मीही बसले.

९ डिसेंबर
मिरीनं सकाळी गवत खाल्लं!! थोडंसंच.

१० डिसेंबर
दुपारी गवतातले काटे निवडताना सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवणार व्हतीस?"
सांगितलं. त्यांनी ते हळूच म्हणून पाहिलं.