एकशे बारा श्वास

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! पालघरजवळच्या नवापूरला, नारळाच्या वाडीतल्या मागच्या खोलीत. नाशिकला हॉर्न, डीजे, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. इथे झावळ्यांची सळसळ आणि समुद्र. जुनी रेडिओ-ध्वनिमुद्रणं स्वच्छ करायचं माझं काम, त्याला अशीच जागा हवी होती. घरमालक कृष्णकांतभाऊ चिकू आणून देतात, आनंदीवहिनी गरम भाकरी. एकच कुरकुर. कुंपणापलीकडे बोंबील वाळतात, आणि वारा फिरला की बोईसरच्या कारखान्यांच्या बाजूने सडक्या अंड्यांसारखं काहीतरी येतं. शी! खिडकी लावून घेतली. भाविकाला फोनवर सांगितलं, तुझा भाऊ स्वर्गात आहे, फक्त स्वर्गाला वास मारतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

काय बँड आहे, वा! एका संग्राहकाने पाठवलेलं नव्वद वर्षांपूर्वीचं जॅझ, कुठल्याशा हॉटेलच्या नाचघरातून रेडिओवर थेट. मी दोनदा बसल्या खुर्चीत नाचलो. पण तो ट्रम्पेटवाला! माइक बहुतेक त्याच्या तोंडातच ठेवला होता. प्रत्येक ओळीआधी सुर्रकन हवा ओढतो, घशात कफ घुळघुळतो, मध्येच वाद्यात साचलेली थुंकी जमिनीवर झटकतो, टप् टप्. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

सगळे श्वास शोधून कापले, फटी बुजवल्या. मोजून एकशे बारा. कापलेला कचरा कायमचा पुसला. नंतर लक्षात आलं, मी संग्राहकाच्या एकमेव मूळ फाइलवरच काम करत होतो, प्रत काढलीच नव्हती. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट, आणि मी गाढव! असो. निदान आता ऐकवतं तरी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊ रोज सकाळी पूजेला शंख फुंकतात, म्हणून त्यांना हौसेने ऐकवलं. आधी मान डोलावली, मग त्यांनाच धाप लागली. हेडफोन काढून ठेवत म्हणाले, "हा मानूस दम कवा घेतो? जागाच नाय ठेवली तुमी. मारून टाकाल बिचाऱ्याला." मी हसलो.

दुपारी टेबलाखाली तळहाताएवढं थारोळं दिसलं. चिकट, फेसाळ, आणि कोमट. वास शिळ्या तोंडाचा. नाक दाबून पुसलं, फडकं कुंपणापलीकडे भिरकावलं. वहिनींच्या मांजराचा प्रताप असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

वहिनी म्हणाल्या, आमच्याकडं मांजर हायच कुठं!

आज हेडफोन लावला तर त्याच्या कानावरच्या गाद्या ओल्या. कानात काहीतरी कोमट ओघळलं. शी, शी, शी! साबणाने तीनदा कान धुतला तरी आत चिकटच वाटतंय.

आणि फाइल बिघडली आहे. ट्रम्पेट वाजत नाही, गुदमरतो. बुडणारा माणूस नळीतून ओरडावा तसा. भाऊंचं बोलणं डोक्यातून जाईना. त्याचे श्वास तर आता मिळायचे नाहीत. म्हणून माइकपुढे बसून माझेच रेकॉर्ड केले, वाकड्या नाकातल्या शिट्टीसकट, आणि चाळीस जागी चिकटवले. घे बाबा, म्हटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काय वाजवतो! मोकळा, रसरशीत. ऐकता ऐकता डोळे भरून आले.

फक्त तो श्वास घेतो तेव्हा माझा अडतो. घास अडकावा तसा. पूर्ण कार्यक्रमात चाळीस वेळा.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी

मी चाळीसच चिकटवले होते. आज सत्तर आहेत. शिट्टी माझीच.

लॅपटॉप बंद केला. वाजतंच आहे. थारोळी पलंगापर्यंत आली आहेत, तळवे चिकटतात. किळस येते ती आता माझीच, कारण वास माझ्या तोंडाचा आहे.

भाऊ-वहिनी पालघरला गेलेत, दुपारी येतील. भाविकाला फोन लावला, बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका त्याने श्वास घेतला. तिने हॅलो, हॅलो करून ठेवला.

दुपारी

फाइल उडवली. तरी वाजतंय. नव्वद —

दाराकडे जायला उठलो, पडलो. हात त्या घाणीत. तोंडात पितळेची चव. थुंकतोय, थुंकी संपत नाही —

एकशे चार. वही तेवढी हाताशी —

एकशे नऊ —

भाऊंची स्कूटर! फाटकाशी. वहिनी काहीतरी बोलताहेत. एक हाक मारली तर — एका हाकेला एक श्वास —

एकशे अकरा. शेवटच्या ओळीआधी तो नेहमी सगळ्यात मोठा