जाऊबाई, आपलं सगळं घर चिखलदऱ्याला चाललं!

प्रिय जाऊबाई,

माणूस गेल्यावर त्याला कोणी पत्र लिहितं का, असं तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, आत्ताच विचारून गेले. लिहितं, म्हटलं! पोटात आनंद मावत नाही आणि ज्या बाईला तो आधी सांगायचा, तीच घरात नाही. मग मी काय करू?

ऐका. या वैशाखात आपण सगळे चिखलदऱ्याला चाललो! देवाला नाही, लग्नाला नाही, कोणाच्या दहाव्यालाही नाही. नुसतं फिरायला! फुलसावंगीत बातमी पसरली तशी विहिरीवर बायांनी मला घेरलं. "काहून वं, नवस हाये काय?" मी म्हटलं, "नवस कायचा? हवा खायले चाललो!" घागरी भरायच्या सोडून हसत सुटल्या साऱ्या.

हे सगळं तुमच्या कुसुमचं काम. तुम्ही तापानं गेलात तेव्हा परकरात होती ना? आता तिचीच पोर बसायला लागली. जावई जंगल खात्यात आहेत, त्यांची बदली चिखलदऱ्याला झाली. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि पोरीनं लगेच पत्र धाडलं: "आजीला आणा, बाबांना आणा, काका-काकू, सगळी पोरं या. जागा पुरत नसली तर ओसरीत झोपू."

मग काय, घरात रोज बाजार! आमचा मधू म्हणतो, वाघ दिसलाच पाहिजे. धाकटी म्हणते, वाघ असेल तर मी येत नाही. सासूबाई या वयात नवीन लुगडं मागतात आणि पानाचा डबा मांडीवरच राहील म्हणून आत्ताच बजावतात. पुसदला जायला लाल मोटार आता गावातूनच मिळते. पुढे यवतमाळ, अमरावती, परतवाडा, मग घाट. सालदार गडी गुरं बघायला कबूल झाला. कुसुमसाठी कुरड्या, खारोड्या बांधल्या. सगळं जमलं.

आणि तुमचे मालक म्हणाले, "तुमी जा. मी नाही येत."

भाऊजी असे का हो वागतात? "रिकामं फिरायले कायले पायजे? गुरं कोन पाह्यन?" सालदार बघतो म्हटलं तरी मान हलवली. यांनी समजावलं, सासूबाई रागावल्या. काही उपयोग नाही. कुसुमला काय कळवायचं? बाप येत नाही म्हणून?

मला खरं कारण ठाऊक होतं. तरुणपणी घराच्या सागवानासाठी भाऊजी तिकडे जाऊन आले होते. भर उन्हाळ्यात तिथं थंडीनं अंगावर काटा येतो, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मले नेता काय?" भाऊजी म्हणाले, "कापूस विकला का जाऊ." दरवर्षी कापूस विकला जायचा आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. तुम्ही तरी एकदा भांडायचं होतं की हो! हसून चुलीकडे वळायचात, तेवढंच.

तुम्हाला माहीत आहे, लग्न होऊन आल्यापासून मी थोरल्या भाऊजींशी तोंडानं बोलले नव्हते. पदर पुढे ओढायचा, बोलायचं ते पोरांच्या तोंडून. परवा ते जेवून उठत होते. मी दाराआड उभी होते आणि काय झालं कोण जाणे, बाहेर आले.

"भाऊजी, थांबा."

यांचा घास हातातच राहिला. सासूबाईंचा अडकित्ता थांबला.

"जाऊबाईले नेलं नाही. आता लेक बोलावून राह्यली, तिलेबी नाही म्हनता. मंग 'हो' कोनाले म्हनान?"

मला वाटलं, आता ताट भिरकावतात. पण ते पुन्हा पाटावर बसले. खाली बघत म्हणाले, "तिले नेतो म्हनलं होतं मी. आता कोनत्या तोंडानं जाऊ?"

"याच तोंडानं चला," मी म्हटलं. "पोरीले तिच्या मायचं दुसरं कोन सांगन?"

ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि शेताकडे निघून गेले. हे माझ्यावर चिडले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "बोलली ते बरं केलं पोरीनं." तरी दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळं बिघडवून ठेवलं की काय मी?

दिवस कलताना अंगणात खाकरल्याचा आवाज आला. मी पदर सावरला. भाऊजी सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. मधूला हाक मारली नाही, कोणाला निरोप दिला नाही. मलाच म्हणाले, "सूनबाई, मायले मोटार लागते. लिंबं किती घेऊ?"

काय सांगू जाऊबाई! हसू की रडू कळेना. "भरपूर घ्या," एवढंच तोंडातून निघालं. आता सर्वांत जास्त घाई त्यांनाच. रोज विचारतात, दशम्या कधी करता, पोरांच्या टोप्या कुठे आहेत? कालपासून तर नातीसाठी लाकडाचा खुळखुळा तासत बसलेत.

तुम्ही हव्या होतात. मोटारीत खिडकीची जागा मी तुम्हालाच दिली असती, खरंच.

इतकी वर्षं या घरात तुमचं नाव कोणी घेतलं नाही. कुसुम रडेल, भाऊजींना लागेल, म्हणून मीही गप्प राहिले. आता नाही. तुम्हाला शब्द देते: तिथं कुसुमला शेजारी बसवून सांगेन की तुझी माय हसताना डोळे गच्च मिटायची, लोणच्याच्या बरणीतून फोडी पळवायची आणि पोळ्याच्या दिवशी सगळ्या बैलांच्या आधी स्वतः नटून बसायची. भाऊजीही तिथंच असतील. माझं काही चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं.

तुमचीच धाकली,
शांता