वाकळीचा उघडा कोपरा

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आज खोटी सही केली. दुसरं काही लिहायच्या आधी हे लिहून टाकते.

दिल्लीच्या कला-हस्तकला प्रदर्शनाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, वाकळ द्यायची हे महिन्यापासून ठरलेलं. आज तिसऱ्यांदा त्यांना घेऊन सेवा केंद्रात गेले. यंत्र अंगठा घेईना. तिथल्या धोंडीरामनं दहाही बोटं ओल्या फडक्यानं पुसून पाहिली. शेवटी म्हणाला, "आजी, तुमच्या बोटांवर रेघाच राहिल्या न्हाईत." आत्याबाई हसल्या. "सुईनं खाल्ल्या रे बाबा." अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

मग धोंडीराम हळूच म्हणाला, "काकू, तुमचा द्या. घर तर एकच हाय." मी अंगठा दिला. खाली छापलेलं होतं — ही वस्तू मी स्वतःच्या हाताने बनवली आहे. त्याखाली सही. राजश्री संजय गायकवाड. दहावीला होते तेव्हापासून माझी सही चांगली आहे.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "झालं का?" म्हटलं, झालं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पार्सल केलं. पण त्याआधी आणखी एक केलं.

आमच्यात वाकळ शिवणारी बाई शेवटचा वीतभर कोपरा उघडा ठेवते. ज्याच्यासाठी वाकळ, त्यानं आत ज्वारीचे पाच दाणे टाकून तो आपल्या हातानं शिवायचा. पांघरणारा कधी उपाशी झोपू नये म्हणून. ही वाकळ आत्याबाईंनी डोळ्यात मोतीबिंदू उतरायच्या आधी पुरी केली. सात वर्षं ट्रंकेत आहे, कोपरा तसाच उघडा. कुणासाठी, ते कधी बोलल्या नाहीत. सुकन्यावन्सं धरून बसल्यात की त्यांच्यासाठीच.

प्रदर्शनाच्या नियमात होतं, वस्तू पूर्ण असावी. आत्याबाई दुपारी झोपल्या तेव्हा मी कोपरा शिवला. रिकामा शिवायला हात होईना म्हणून पाच दाणे टाकले. माझे टाके वाकडे. लग्नानंतर पहिल्या वर्षी आत्याबाईंनी माझे टाके चार बायकांपुढं उसवले होते. "बैल मुतल्यावानी शिवतीस," म्हणाल्या होत्या. त्यानंतर मी सुई धरली ती बटणापुरतीच.

मधोमध पांढरा तुकडा आहे, बारीक निळ्या काठाचा. माझी लग्नातली साडी अशीच होती. पण ती विरल्यावर मी बोहारणीला देऊन पातेलं घेतलं. म्हणजे ही दुसऱ्या कुणाची.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते. मुसावादा — खोटं बोलणार नाही — आलं अन् आवाज बसला. त्याआधीचं अदिन्नादाना तर म्हणून गेले होते, ध्यानातच आलं नाही — न दिलेलं घेणार नाही. शेजारी आत्याबाई, पांढऱ्या लुगड्यात, दात नसलेल्या तोंडानं खणखणीत म्हणत होत्या.

घरी येताना म्हणाल्या, "घसा धरला का गं? हळद घे."

घेतली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

निवड झाली. सगळ्या जिल्ह्यातून आपली एकच. मोबाइलवर माझं नाव आलं. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "तुझं नाव कसं काय?" म्हटलं, आत्याबाईंचा अंगठा उमटला नाही, फॉर्मपुरतं आहे. "बरं," म्हणाले. "आईला सांगू नकोस." हे इतक्या सहज बोलले की मला जास्तच लागलं.

खरं लिहायचं तर — नाव वाचून बरं वाटलं. फार बरं वाटलं. आजवर माझं नाव फक्त रेशन कार्डावर अन् बचत गटाच्या वहीत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मनाची समजूत घालते. आत्याबाईंना आता काय आठवतं? हे आजचंही नाही; सात-आठ वर्षांपूर्वी पितळेचा तांब्या कुठं ठेवला, ते अजून सांगता आलं नाही. तेव्हा मी लई बोलले होते त्यांना. आहेराचा तांब्या होता त्यांच्या माहेरचा. नाव कुणाचं आहे याचं त्यांना काय पडलंय?

(पडलंय. मला माहीत आहे.)

२ नोव्हेंबर, रविवार

सुकन्यावन्सं धारूरहून आल्या. आत्याबाईंनी गल्लीतल्या बायका गोळा केलेल्या. "माजी वाकळ दिल्लीला गेली. इमानात नसंल, पण गेली." रतनबाई म्हणाली, "केशरबाई, आता तुमी आमाला ओळख द्याल का न्हाई?" — "बघू. सवड झाली तर."

मी चहा देत होते. वन्सं म्हणाल्या, "माय, पण ती वाकळ कुणाची? माजी ना?"

"जिची हाय तिची."

"म्हंजे कुणाची?"

"कोपरा शिवंल तिची."

मी बशी खाली ठेवली अन् आत गेले.

५ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा

उपवास. दुपारी दिल्लीहून प्रदर्शनाच्या मॅडमचा फोन. मराठी बोलणाऱ्या होत्या, पुण्याच्या. वाकळीचं कौतुक थांबेना. मग म्हणाल्या, "पण एका कोपऱ्यातले टाके दुसऱ्या हाताचे वाटतात. कुणी मदत केली का? उद्या नावाच्या पाट्या छापायला जातील."

मी म्हटलं, उद्या सांगते. मदत! सगळी वाकळ आत्याबाईंची अन् मदत म्हणून विचारलं तेही माझ्याच वाकड्या टाक्यांबद्दल.

खरं सांगितलं तर वाकळ परत येणार. नियम तसाच आहे, मी वाचलाय. आत्याबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. नाही सांगितलं तर वाकळ दिल्लीत टांगली जाईल, खाली राजश्री गायकवाड. कसंही केलं तरी घेतलं त्यांच्याकडूनच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फोन केला. म्हटलं, मॅडम, मदत माझी आहे. वाकळ सासूबाईंची. मॅडमनी फॉर्मवरचं नाव पुन्हा वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटतं हो. पण प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं की नोंद रद्दच. पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं भरा."

पुढच्या वर्षी आत्याबाई ऐंशीच्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्याबाईंना सांगितलं. त्या मिरच्यांची देठं काढत होत्या. अंगठा, सही, फोन, सगळं एका दमात सांगितलं. कोपऱ्याचं शेवटी.

"तू शिवलास?"

"हो."

"दाणे घातलेस?"

"पाच."

पुढची मिरची उचलली. देठं काढत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

रतनबाई सांगत होती. आत्याबाई काठी टेकत स्वतःच घरोघर जाऊन सांगून आल्या — "माजी वाकळ परत येतीय. माजाच अंगठा उमटत न्हाई, मग ते काय करतील?"

माझं नावसुद्धा काढलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पार्सल आलं. आत्याबाईंनी वाकळ मांडीवर घेतली. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघत गेल्या. ज्या बोटांत यंत्राला काही दिसलं नाही, त्यांना सगळं कळत होतं. कोपऱ्यापाशी थांबल्या.

"अजून तसंच शिवतीस."

मी म्हटलं, उसवून देते. वन्संची आहे ना.

"कुणी सांगितलं? ह्यो पांढरा तुकडा बघितलास का न्हाई?" माझा हात धरून मधल्या तुकड्यावर ठेवला. "लग्नातलं लुगडं देतं व्हय कुणी बोहारणीला? तिच्या मागं पार चौकापातूर गेलते. घेतलं परत."

मी निळा काठ बोटानं चाचपला. मग विचारलं, सात वर्षं सांगितलं का नाही?

"तू माज्यापुढं सुई धरंनास. त्या दिवशी उसवलं ते लई मनावर घेतलंस. म्हणलं, कदी तरी येईल शिवायला." वाकळ माझ्याकडं सरकवली. "आलीस, पर मी झोपल्यावर आलीस."

बोहारणीला काय देऊन साडी परत घेतली, ते विचारलं. "व्हतं काईतरी," म्हणाल्या अन् काठी घेऊन उठल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

२०१८ची हिशोबाची वही काढली.

३ मार्च. बोहारीण — लग्नातली साडी दिली, पातेलं घेतलं.

खालच्याच ओळीत, माझ्याच चांगल्या अक्षरात: आत्याबाईंनी पितळेचा तांब्या हरवला.